चाकावरची माती: १० मिनिटांच्या माहितीपटाच्या संकलन-नोंदी

३ नोव्हेंबर: फुटेज उतरवणं

मडकी घडवणाऱ्या कारागिरावरचा १० मिनिटांचा माहितीपट. दोन कॅमेरे, ऑडिओ रेकॉर्डर वेगळा, शिवाय फोनवर टिपलेले काही तुकडे. कॅमेऱ्याचं चित्रण सगळं २५ फ्रेम प्रतिसेकंद, शटर १/५०. एकूण ६ तास ४० मिनिटं. बिटरेट सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे तासाला ४५ जीबी आणि सगळं मिळून ३०० जीबी.

साध्या हार्ड डिस्कला सेकंदाला १२० एमबीचा वेग मिळतो असं धरलं तर एका प्रतीला ४२ मिनिटं लागतात आणि चेकसम पडताळणीला (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे तपासायला) जवळपास तेवढीच. ही पडताळणी टाळायची नाही. नुसतं ओढून टाकलं की फाइलचं नाव दिसतं, थंबनेल दिसतं, आणि फाइल मध्येच कुठेतरी खराब झालेली असते. ते दहा दिवसांनी, नेमका तो शॉट लागतो तेव्हा कळतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

फोल्डरची नावं साधी, मध्ये जागा न सोडता, पुढे क्रमांक लावून: फुटेज, ऑडिओ, प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या प्रती), ग्राफिक्स, प्रोजेक्ट, एक्सपोर्ट. एकदा टाइमलाइन (शॉट क्रमाने लावायची पट्टी) सुरू झाली की नावाला हात लावायचा नाही, नाहीतर सगळं लाल होऊन ‘मीडिया ऑफलाइन’ दिसतं.

या वेळी नोंदींत कामासोबत संध्याकाळचं पाहणं आणि ऐकणंही लिहायचं आहे. संकलकाची खरी उपकरणं म्हणजे डोळे आणि कान. ती रात्री ज्या वेगाला सरावतात त्याच वेगाने सकाळी कट पडतात. म्हणून मनोरंजनाची वेळ आणि प्रकार कामाच्या टप्प्यानुसार ठरवलेला आहे.

४ नोव्हेंबर: प्रॉक्सी आणि सिंक

एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम, आणि मग पुढच्या फ्रेममध्ये काय बदललं एवढंच. प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) मागे-पुढे ओढला की संगणकाला दर वेळी जवळची पूर्ण फ्रेम शोधून तिथून हिशेब मांडत यावं लागतं, म्हणून चित्र अडखळतं. यात मशीन मंद असण्याचा भाग थोडा, फाइलच्या घडणीचा जास्त. प्रोरेस प्रॉक्सी या प्रकारात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते; १०८०च्या आकारात २५ फ्रेमला ती सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट घेते. तासाला १७ जीबी, एकूण ११४ जीबी. रात्रभर लावून ठेवल्या.

अडखळणाऱ्या चित्रावर लयीचा निर्णय घेता येत नाही. प्रॉक्सी करायचं पहिलं कारण हेच, वेळ वाचणं त्यानंतर.

फोनचे तुकडे एकूण २२ मिनिटांचे. फोन बहुतेकदा बदलत्या फ्रेमरेटने चित्रण करतो: उजेड कमी झाला की फ्रेमही कमी. टाइमलाइनवर असे तुकडे थेट टाकले तर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तीन-चार मिनिटांनी सुटतात. आधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर आणले, मगच आत घेतले. आतमध्ये घेतल्यावर रूपांतर करायला गेलं की केलेले कट हलतात.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मुलाखत सलग ४८ मिनिटांची. टाळीवर सुरुवात जुळवली, शेवटी आवाज २ फ्रेम मागे निघाला. २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंद, म्हणजे ८० मिलिसेकंदांचा फरक. ओठ बघताना हा नक्की खुपतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं स्वतंत्र, म्हणून असं होतं. उपाय सोपा: प्रश्न संपून उत्तर सुरू होण्याआधीची शांतता पकडायची, तिथे ऑडिओ कापायचा आणि पुढचा भाग सरकवायचा. मुलाखतीत दोन ठिकाणी असं केलं. पुढच्या चित्रीकरणासाठी टीप: टाळी शेवटीही वाजवायची, म्हणजे सुटलेलं अंतर थेट मोजता येतं.

५ नोव्हेंबर: पहिलं पाहणं

सगळं फुटेज पहिल्यांदा पाहणं एकदाच होतं. हसू कुठे आलं, श्वास कुठे अडकला, कंटाळा कुठे आला हे त्याच वेळी लिहून घ्यावं लागतं; दुसऱ्या वेळी पुढे काय आहे ते माहीत असतं. म्हणून ६ तास ४० मिनिटं एका दिवसात संपवायची नाहीत. आज साडेतीन तास, उद्या उरलेलं, दोन्ही सकाळी. मूळ वेगानेच.

मुलाखत उतरवून काढताना दीडपट वेग चालतो, कारण तिथे शब्दांचं काम असतं. निवडीसाठी तो चालत नाही. कारागीर “हे चाक माझ्या वडिलांचं” म्हणून थांबतो. मूळ वेगात ती शांतता ३ सेकंदांची आहे, दीडपटीत २ सेकंदांची होते आणि नुसती अडखळ वाटते. हा शॉट चित्रपटाचा कणा ठरेल असं पहिल्याच पाहण्यात लिहिलं गेलं.

मार्करचे (शॉटवर लावायच्या खुणांचे) रंग तीनच: हिरवा म्हणजे हवाच, पिवळा म्हणजे कदाचित, निळा म्हणजे आवाज चांगला पण चित्र नको. सात-आठ रंग ठेवले की चौथ्या दिवशी कोणता कशाचा ते आठवत नाही.

दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांवर, म्हणजे ६ मीटर लांब बघायचं. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि दुपारी फोकस नीट आहे की नाही हेच कळेनासं होतं.

संध्याकाळी काही पाहिलं नाही. डोक्यात याच फुटेजचे चेहरे राहावेत म्हणून.

७ नोव्हेंबर

निवडक शॉट वेगळे: १ तास ५० मिनिटं. मुलाखतीतली हिरवी वाक्यं सलग लावली, ती २३ मिनिटं. संगीत नाही.

८ नोव्हेंबर: पाहण्याचा अभ्यास

टाइमलाइन बंद. संध्याकाळी एका चित्रपटातला एकच प्रसंग चार वेळा: एकदा सरळ, एकदा आवाज बंद करून, एकदा चित्र झाकून फक्त आवाज, आणि एकदा कागद घेऊन प्रत्येक कटला एक रेघ.

प्रसंग २०० सेकंदांचा, ४२ शॉट. सरासरी पावणेपाच सेकंद. या सरासरीवर थांबलं तर काही हाती लागत नाही. रेघांखाली सेकंद लिहिले तेव्हा दिसलं की संवादातले शॉट दोन-तीन सेकंदांचे आहेत आणि शेवटचा एकच शॉट १९ सेकंद धरलेला आहे. तो लांब शॉट जड वाटतो तो आधीच्या घाईमुळे. आपल्याकडे भट्टी पेटवतानाचा शॉट आहे, त्याआधी लाकडं रचण्याचे तुकडे असेच छोटे ठेवून पाहायचे.

आवाज बंद करून पाहिलं की कट दिसतात. आवाज असताना ते दिसत नाहीत, कारण पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधीच आलेला असतो आणि कान डोळ्यांना तिकडे घेऊन जातो.

टीव्हीवर पाहत असाल तर ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तशा नावाची सुविधा बंद करायची. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो, २४ फ्रेमचा चित्रपट गुळगुळीत दिसतो, आणि डोळ्यांना भलत्याच हालचालीची सवय लागते. अशा पडद्यावर रोज पाहणाऱ्याला स्वतःचं २५ फ्रेमचं फुटेज अडखळतंय असं वाटू लागतं.

उभे छोटे व्हिडिओ पाहण्याबद्दल. ते पाहावेत, पहिल्या दोन सेकंदांत लक्ष कसं धरतात हे तिथे चांगलं शिकता येतं. पण रफ कटच्या (पहिल्या कच्च्या जुळणीच्या) आदल्या रात्री तासभर बोट सरकवलं की दुसऱ्या दिवशी ४ सेकंदांचा शॉट लांब वाटतो, आणि हात आपोआप छाटत जातो. म्हणून रफ कट ते लॉक (कट कायम करणं) या काळात ते बंद, एक्सपोर्टनंतर मोकळे.

१० नोव्हेंबर: रफ कट, आणि एकच कट

पहिली जुळणी १७ मिनिटं. लांबीची काळजी आत्ता नाही.

आज एका कटवर पाऊण तास गेला. तो सविस्तर लिहून ठेवण्यासारखा आहे.

रुंद शॉट: कारागीर चाकासमोर, दोन्ही हात मडक्याच्या काठावर, मग उजवा हात सुटून पाण्याच्या भांड्याकडे जातो. क्लोजअप: तोच हात पाण्यात बुडतो. पहिल्या प्रयत्नात हात काठावर स्थिर असतानाच कापलं. कट ठळक दिसला, कारण हालचालच नाही आणि चित्र उगाच बदललं. दुसऱ्यांदा हात पाण्याजवळ पोचल्यावर कापलं. मग क्लोजअपला करायला काही उरत नाही. तिसऱ्यांदा हात काठावरून सुटून ५ फ्रेम झाल्यावर कट, आणि क्लोजअप त्या जागेच्या ३ फ्रेम आधीपासून. म्हणजे हालचालीचा एवढासा भाग दोनदा दिसतो. कागदावर ही चूक वाटेल. पण नवीन चित्रात हात कुठे आहे ते शोधायला डोळ्याला क्षणभर लागतो, आणि त्या ३ फ्रेम तो वेळ भरून काढतात. अगदी काटेकोर जुळवलं तर हात उडी मारल्यासारखा दिसतो.

तरीही काहीतरी टोचत होतं. रुंद शॉटमध्ये नजर उजव्या तिसऱ्या भागात, क्लोजअपमध्ये हात डावीकडे. नजरेला अख्खा पडदा ओलांडावा लागत होता. क्लोजअप उलटा करून, म्हणजे आरशासारखा फिरवून, लगेच सुटेल असं वाटतं. इथे तसं करता येत नाही: चाक उलट्या दिशेने फिरायला लागतं आणि उजवा हात डावा होतो. फुटेज ३८४० पिक्सेल रुंद आणि टाइमलाइन १९२०, त्यामुळे दुप्पट मोठं करण्याइतकी जागा आहे. चित्र थोडं मोठं करून उजवीकडे सरकवलं, हात नजरेखाली आला. कट नाहीसा झाला.

छाटणी माऊसने ओढून करायची नाही. प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्यू दाबलं की प्लेहेडच्या आधीचा भाग छाटून मोकळी जागाही मिटते, डब्ल्यू दाबलं की नंतरचा. जे-के-एल या कळांवर मागे जाणं, थांबणं आणि पुढे जाणं. दिवसाला शेकडो वेळा होणारी क्रिया कीबोर्डवर गेली की मनगट वाचतं. मनगट टेबलाच्या काठावर टेकलेलं नसावं, कोपर साधारण काटकोनात, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला.

संध्याकाळी गेम खेळणाऱ्यांसाठी: दिवसभर माऊस आणि रात्री पुन्हा माऊस म्हणजे त्याच स्नायूंना दुहेरी पाळी. कंट्रोलर घ्यावा, नाहीतर संकलनाच्या आठवड्यात चालायला जावं.

१२ नोव्हेंबर: आवाज आधी, चित्र नंतर

१७ वरून १३ मिनिटं २० सेकंद. मोठी कपात मुलाखतीतल्या पुनरुक्तीची. बोलणारा चेहरा सतत दाखवायची गरज नाही. उत्तर संपायच्या आधी चाकाचा घुमणारा आवाज आत आणला, ही जे-कट. “वडिलांचं” या शब्दानंतर चित्र चाकावर गेलं तरी त्याचा श्वास चालू ठेवला, ही एल-कट. इथे ३ सेकंदांची ती शांतता पूर्ण ठेवली आहे. कुणी ती छाटायला सांगितली तर आधी शेजारचे दोन शॉट छाटून पाहायचे.

तात्पुरतं संगीत आजही लावलं नाही. एकदा लावलं की मन त्याला चिकटतं. ते हक्काचं नसल्यामुळे बदलावंच लागतं, आणि मग नवीन काहीही फिकं वाटतं. शिवाय लय नसलेला कट संगीताखाली झाकला जातो.

१४ नोव्हेंबर: दोन अनोळखी प्रेक्षक

विषयाशी संबंध नसलेल्या दोघांना ११ मिनिटं ४० सेकंदांची आवृत्ती दाखवली. “आवडलं का?” हा प्रश्न विचारायचा नाही, कारण लोक चांगलंच सांगतात. मागे बसून ते कुठे हलतात, कुठे दुसरीकडे बघतात त्याचा टाइमकोड (चित्रपटातली नेमकी वेळ) लिहायचा. दोघांचंही लक्ष ४ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास सुटलं. तिथला प्रसंग बरा आहे. अडचण त्याच्या आधी सापडली: माती भिजवून दोन दिवस का ठेवतात हे उत्तर कालच्या कपातीत गेलं होतं, म्हणून पुढचं मळणं त्यांना निरर्थक वाटलं. ९ सेकंदांचं वाक्य परत घेतलं. प्रेक्षक जिथे तक्रार करतो, दोष बहुधा त्याच्या थोडा आधी असतो.

छोट्या पडद्यावर काम करताना प्रमाणाचं भान सुटतं. चित्रपट-संकलक वॉल्टर मर्च उभं राहून संकलन करतात, आणि पडदा प्रत्यक्षात केवढा असेल याची आठवण म्हणून मॉनिटरशेजारी कागदी माणसांच्या आकृत्या लावतात. सायंकाळचं पाहणं निदान एकदा मोठ्या पडद्यावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून करावं. क्लोजअप आपल्याला वाटले होते त्यापेक्षा फार झालेत हे तिथे कळतं.

१६ नोव्हेंबर

लॉक: १० मिनिटं ८ सेकंद. यापुढे एकही फ्रेम सरकवायची नाही. आवाज, रंग, मथळे (सबटायटल) सगळं याच्यावर उभं राहणार. आवृत्ती क्रमांक १४, वेगळी जतन केली.

१७ नोव्हेंबर: संगीताची फ्रेम

तयार संगीत मिनिटाला १०० ठोक्यांचं निवडलं. ०.६ सेकंदाला एक ठोका, २५ फ्रेममध्ये बरोबर १५ फ्रेम. १२० ठोक्यांचं घेतलं असतं तर ठोका साडेबारा फ्रेमला आला असता, आणि कट आलटून पालटून १२ व १३ वर लावावे लागले असते. कोणी हे न पाहता सरसकट १२ वर कापत गेलं की दहाव्या ठोक्यापर्यंत चित्र ५ फ्रेम पुढे निघून जातं. चित्र लॉक असल्यामुळे आज संगीत सरकवायचं होतं, कट नव्हते. त्यातही प्रत्येक ठोक्यावर कट येऊ द्यायचा नाही; भट्टी पेटते तो एक ठोका जुळवला, बाकी सोडले.

१८ नोव्हेंबर: आवाजाचं मिश्रण

कालपासून हेडफोनवर गाणी बंद. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कानाची मान्य मर्यादा धरली जाते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास. रात्री मोठ्या आवाजात ऐकून सकाळी मिश्रणाला बसलं की वरच्या पट्टीतले सूर कमी ऐकू येतात. मग ते वाढवले जातात आणि बाहेर ऐकणाऱ्याला ‘स’, ‘श’ टोचतात.

क्रम: आधी बोलणं, मग जागेचे आवाज, शेवटी संगीत. बोलण्याखालची ८० हर्ट्झच्या खालची घुमघुम फिल्टरने काढली. ‘स’ची धार ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये सापडते, तिथे डी-एसर (ती धार कमी करणारं साधन) हलकासा. खोलीचा रिकामा आवाज चित्रीकरणाच्या वेळी ४० सेकंद घेतलेला होता म्हणून काम निभावलं: कापलेल्या वाक्यांमध्ये संपूर्ण शांतता ठेवली की आवाज बंद पडल्यासारखा वाटतो, तिथे हाच तुकडा पसरला. दोन्ही टोकांना दोन-दोन फ्रेमचा फेड, नाहीतर ‘टक्’ येतो.

ध्वनिपातळी: इंटरनेटसाठी -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास, ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) -१ डेसिबल. प्रसारणासाठी युरोपीय मानक -२३ आहे, म्हणून दोन वेगळ्या फाइली. ऐकण्याचं बटण दिवसभर एकाच खुणेवर. शेवटी फोनच्या स्पीकरवर एकदा: चाकाची घरघर तिथे अजिबात आली नाही, कारण ती सगळी खालच्या पट्टीत होती. वरच्या पट्टीतला मातीचा ओलसर घासण्याचा आवाज थोडा वाढवल्यावर चाक फिरतंय हे कळलं.

१९ नोव्हेंबर: रंग

फक्त सकाळी. खोलीत थेट ऊन नाही, मॉनिटरमागे ६५०० केल्विनचा मंद दिवा, संगणकाचा रात्रीचा पिवळा मोड बंद. तो मोड चालू राहून अख्खा चित्रपट निळा करून बसणं ही अगदी नेहमी होणारी चूक आहे.

आधी दोन्ही कॅमेरे एकमेकांशी जुळवले, मग प्रसंगाचा भाव. वेव्हफॉर्म या आलेखावर उजेड, व्हेक्टरस्कोप या रंगाच्या आलेखावर त्वचेची रेघ. दुसरा कॅमेरा ८ बिट, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १० बिटमध्ये १०२४ असतात. भट्टीमागच्या अंधाऱ्या भिंतीवर उजेड वाढवला की पट्टे दिसू लागतात. वाढवणं थांबवलं, थोडा ग्रेन (बारीक दाणे) टाकला, पट्टे विरले.

भट्टीच्या प्रसंगाचा खास धोका: सगळं नारिंगी. १५-२० मिनिटं बघत राहिलं की डोळा त्या नारिंगीला पांढरं मानू लागतो आणि मग अजून नारिंगी घातलं जातं. एक राखाडी चित्र टाइमलाइनशेजारी ठेवलं. दर पाच मिनिटांनी त्याकडे अर्धा मिनिट बघायचं. काल केलेलं आज सकाळी भडक वाटलं तर आजच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा.

२० नोव्हेंबर: मराठी मथळे

देवनागरीसाठी सॉफ्टवेअरमधलं मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचं निवडावं लागतं, नाहीतर वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. फॉन्ट ठरवण्याआधी चाचणीची ओळ: दुसऱ्या, शिल्प, ट्रॅक्टर, कृती, ऑगस्ट. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र फॉन्टने गिळला तर तो फॉन्ट बाद. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का तेही बघायचं. काही फॉन्टमध्ये ते असतात, पण भाषा मराठी निवडल्यावरच दिसतात.

अक्षरमर्यादेचा आकडा देवनागरीत फसवतो. ‘मिठी’ दिसायला दोन अक्षरं, मोजणीत चार, कारण प्रत्येक वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणून ओळ डोळ्याने तपासायची: जास्तीत जास्त दोन ओळी, एका श्वासात वाचता येणारं वाक्य, पडद्यावर किमान एक सेकंद आणि कमाल सात, दोन मथळ्यांमध्ये २ फ्रेमची फट. ओळ तोडताना विभक्ती शब्दासोबत आणि विशेषण नामासोबत राहिलं पाहिजे. “ओल्या / मातीला” असं तुटलं की वाचक परत मागे जातो.

२१ नोव्हेंबर: एक्सपोर्ट

मास्टर (पूर्ण दर्जाची अंतिम फाइल) प्रोरेस ४२२ एचक्यू, अपलोडसाठी त्यातून एच.२६४, १०८०, १२ मेगाबिट. तयार फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, मध्ये न थांबता, टाइमलाइन बंद करून पाहिली. ६ मिनिटं ३२ सेकंदांवर दोन क्लिपच्या मध्ये एक काळी फ्रेम सापडली. लॉकनंतर रंग करताना एक क्लिप एका फ्रेमने आखूड झाली होती. टाइमलाइनवर इतकी बारीक फट झूम केल्याशिवाय दिसत नाही. दुरुस्त केली, फाइल पुन्हा काढली आणि पुन्हा पूर्ण पाहिली.

प्रॉक्सी आणि रेंडरचा कॅश (सॉफ्टवेअरने केलेल्या तात्पुरत्या फाइली) पुसला, १६० जीबी मोकळे झाले. प्रोजेक्ट, मास्टर, मथळ्यांची फाइल आणि मूळ फुटेज दोन डिस्कवर. त्यांतली एक आज दुसऱ्या जागी गेली. संध्याकाळपासून छोटे व्हिडिओ मोकळे.